झडपेखालचा हात

बसा इथंच, गच्चीवर वारा तरी आहे. माबेलाची लाइट, यायची तेव्हा येईल. अरहम, तो टॉर्च विझव बाबा, कुणाच्या तोंडावर मारू नकोस. तस्नीम, तू सनीच्या बाजूला सरक. आणि मधेच कुणी हसायचं नाही, कारण ही गोष्ट मी रचलेली नाही. ही युस्टेस डाबरेची. वसईचा, आमच्याच गिरीजचा माणूस. त्याचं घर आणि आमचं घर, मधे नुसती केळीची बाग. इथं मस्कतला तो एका हॉटेलात एसीच्या खात्यात सुपरवायझर होता आणि अल् घुब्राला भाड्यानं राहायचा. बायको फ्लाविया, मुलगी मेरिल. मेरिल तेव्हा तुमच्याहून लहान, पाचवीत. युस्टेस थापा मारणारा माणूस नव्हे. गप्पा मारणाराही नव्हे खरं तर. त्यानं मला जसं सांगितलं तसं मी तुम्हाला सांगतो.

२००४ सालचा नोव्हेंबर. रमजान संपत आला होता. त्या वर्षी ईद आणि नॅशनल डे लागोपाठ आले होते, त्यामुळे सगळ्या मस्कतला घसघशीत सुट्टी. युस्टेस ड्युटी संपवून रुवीला सिराजच्या ऑफिसात गेला, घरी जायची तिकिटं काढायला. सिराज रत्नागिरीकडचा, ट्रॅव्हल एजंट. आम्हा सगळ्यांची तिकिटं तोच काढायचा.

"मुंबई विसर," सिराज म्हणाला. "उभं राहून जातो म्हणालास तरी जागा नाही. आणि दरसाल काय रे वसई, वसई? पोरीला जरा जग दाखव. हे बघ, बँकॉकवरून हनोई. व्हिएतनाम. भात, मासे, नारळ, केळी. तुला वाटेल गावालाच आलो."

युस्टेस घरी आला आणि भीत भीत फ्लावियाला सांगितलं.

"तिथं लढाई चालते ना?" ती म्हणाली.

"ती कधीची संपली."

"मग जाऊ या की."

फ्लाविया कशालाही एका दमात हो म्हणणारी बाई नव्हती. युस्टेस मला म्हणाला, त्या दिवशी ती नाही म्हणाली असती तर बरं झालं असतं.

असो. हनोईला उतरले तर तीन बॅगांपैकी दोनच आल्या. मेरिलचे कपडे कुठल्या देशात गेले कोण जाणे. बाजारातून तिला अजगराचं चित्र असलेला लाल शर्ट घेतला, तो तिनं पुढे आठवडाभर अंगातून काढला नाही. तिथला रस्ता ओलांडायचा म्हणजे काय, ते तुम्ही विचारू नका. मोटरसायकलींचा नुसता लोंढा. हॉटेलवाल्यानं शिकवलं, थांबायचं नाही, पळायचं नाही, सावकाश चालत राहायचं, त्याच तुम्हाला वळसा घालून जातात. फ्लाविया मेरिलचा हात धरून डोळे मिटून 'नमो मारिया' म्हणत जायची. पलीकडे पोचली की डोळे उघडायची.

खाण्यावर मात्र तिघं खूश होते. सकाळी सकाळी वाफाळलेला रश्शाचा वाडगा, त्यात तांदळाच्या शेवया, वरून पाला. सगळ्यात मासळीचं एक खारं पाणी घालायचे. युस्टेसला ते सुकटीच्या गोणीत तोंड घातल्यासारखं वाटलं आणि फ्लावियाला माहेरच्या बाजारासारखं. एका दुपारी युस्टेसनं फोटोवर बोट ठेवून चिकन मागवलं. आलेल्या बशीकडे मेरिल बराच वेळ बघत बसली आणि म्हणाली, "पपा, चिकनचे लेग्ज एवढे छोटे असतात?" तो बेडूक होता. फ्लाविया इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. युस्टेसनं तो खाल्ला. पैसे दिलेत म्हणून नव्हे, चांगला लागला म्हणून.

एकच गोष्ट युस्टेसला खटकत होती. तिथली घरं. रुंदीला एक खोली आणि लांबीला गल्लीभर, दोन्ही भिंती शेजाऱ्याच्या भिंतींना चिकटलेल्या. हनोईच्या हॉटेलात त्यांच्या खोलीला छान पडदा होता. युस्टेसनं तो बाजूला सारला तर मागे विटांची भिंत. मेरिलला गंमत वाटली. युस्टेसला नाही. एसीचा माणूस तो. हवा कुठून येते आणि कुठून जाते हे कळल्याशिवाय त्याला झोप लागत नसे.

तिथून रात्रीच्या गाडीनं दक्षिणेकडे निघाले, तर वाटेत पाऊस. गाडी दोनदा थांबली. खिडकीतून बघावं तर शेतं नाहीत, नुसतं पाणी, आणि त्यातून म्हशींची शिंगं. पुढे रूळ बुडाले म्हणाले, म्हणून मोटार केली. धुक्यातून एक घाट उतरून संध्याकाळी होई आन नावाच्या गावात पोचले. जुनं गाव, नदीकाठचं. रस्त्यावर रेशमी कंदील लावलेले, लाकडी घरं. फ्लाविया म्हणाली, "इथंच आधी यायला हवं होतं."

उतरले तेही तसल्याच एका जुन्या घरात. एक आजी आणि तिची नात, दोघीच राहायच्या आणि वरचा मजला पाहुण्यांना द्यायच्या. नातीचं नाव लिन, पंचविशीची, इंग्लिश बरं बोलायची. आजीला सगळे बा हान म्हणायचे. बा म्हणजे त्यांच्यात आजीच. पान खाऊन दात काळे कुळकुळीत झालेले. तिनं फ्लावियाला पान लावून दिलं. फ्लावियाची आजीही पान खायची, तिनंही घेतलं आणि तोंडात टाकलं. मग दोघी ओट्यावर बसून, एकमेकींचं अक्षर न कळता, खूप वेळ बोलत होत्या.

वर एक लांबट खोली. रस्त्याच्या बाजूला छोटा सज्जा. बाकी खिडक्यांना लाकडी गज, डोक्यावर कौलं, दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या आंधळ्या भिंती. आणि खोलीच्या मधोमध, फळ्यांच्या जमिनीत, एक चौकोनी भोक. एक माणूस सहज जाईल एवढं. वर लाकडी जाळीची झडप.

"हे कशाला?" युस्टेसनं विचारलं.

"दरवर्षी पूर येतो," लिन म्हणाली. "जिन्यानं कपाटं चढत नाहीत. पाणी आलं की खालचं सगळं इथून वर द्यायचं. एक माणूस खाली, एक वर."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून पाऊस. दुपारी पाणी उंबऱ्याच्या आत आलं. कुणी घाबरलं नाही. शेजारीपाजारी हसत होते, पोरं रस्त्यात पोहत होती, एक बाई तर होडीतून पाव विकत होती. युस्टेसनं पॅन्ट वर करून लिनला मदत केली. खुर्च्या, देव्हारा, तांदळाच्या गोणी, शेजाऱ्यांनी खालून दिल्या आणि यानं झडपेतून वर ओढल्या. मेरिलनं फोटो काढले. संध्याकाळपर्यंत पाणी कमरेला लागलं. शेजारी आपापल्या घरी गेले. हसणं थांबलं होतं.

बा हानला दम्याचा त्रास होता. ओलीनं तिचा श्वास वर येईना. लिननं एक होडीवाला थांबवला. होडी कसली, वेताची टोपलीच. वल्हवणारा आणि दोन माणसं, बस्.

"आजीला काकांकडे सोडते, त्यांचं घर उंचावर आहे," लिन म्हणाली. "होडी लगेच परत पाठवते. तुम्ही वरच थांबा. खाली उतरू नका."

सज्जातून तिघं बघत होते. होडी सुटली तशी म्हातारी मान वळवून काहीतरी ओरडली. लिननं हात तोंडाशी धरून इंग्लिशमध्ये सांगितलं, "आजी म्हणते, खालून कुणी काही वर दिलं तर घ्या! घाबरू नका! फक्त..."

होडी गर्रकन फिरली. पुढचं पावसात गेलं.

"फक्त काय?" फ्लावियानं विचारलं.

युस्टेसलाही ऐकू आलं नव्हतं.

ती रात्र सतरा नोव्हेंबरची. बुधवार. इथं मस्कतमध्ये दुसऱ्या दिवशीच्या नॅशनल डेसाठी सगळे रस्ते दिव्यांनी भरले होते. तिथं दिवेलागणीलाच लाइट गेली. मिट्ट काळोख. होडी परत आली नाही. युस्टेसनं सज्जात जाऊन टॉर्च मारला. रस्ता राहिला नव्हता, नदी होती. समोरून एक फ्रिज गेला. मग एक अख्खं झाड, मुळांसकट. या पाण्यात कोणी होडी घालणार नाही हे त्याला कळलं. त्यानं फ्लावियाला सांगितलं नाही. तिलाही कळलं होतं. तिनंही त्याला सांगितलं नाही.

जिन्यावर टॉर्च मारला की दर वेळी एक पायरी कमी झालेली. युस्टेस म्हणाला, मी भिंतीकडे बघायचो, गजांकडे बघायचो, कौलांकडे बघायचो. हात पोचेना. बाहेर जायला वाट नव्हती, आणि आत पाणी येत होतं.

मेरिल आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. झोप कुणालाच नव्हती.

आणि मग आवाज आला.

टक्... टक्.

खालून. झडपेवर.

"होडी!" युस्टेस उठलाच. "लिन आली." त्यानं जाळी उचलली.

खालून एक हात वर आला. हातात पितळेचं भांडं.

युस्टेसनं ते घेतलं. हात खाली गेला. पुन्हा आला. लाकडाची पेटी. ती घेतली. मग उदबत्त्यांचं मडकं. मग गुंडाळलेली चटई. युस्टेस घ्यायचा, फ्लावियाला द्यायचा, फ्लाविया भिंतीला लावून ठेवायची. मेरिल टॉर्च धरून उभी.

"कमाल आहे पोरीची," फ्लाविया म्हणाली. "अशा पुरात सामान वाचवतेय."

"लिन!" युस्टेसनं भोकात वाकून हाक मारली. "सामान राहू दे. आधी आम्हाला काढ!"

हात पुन्हा वर आला. ताटं. एकावर एक.

घाई नाही. धडपड नाही. एका लयीत. जसं कुणी रोजचं काम करतं.

"पपा," मेरिल म्हणाली.

"काय गं?"

"हे सगळं... ड्राय कसं?"

फ्लावियानं चटईला हात लावला. कोरडी ठणठणीत. कोमट. आत्ताच उन्हातून उचलून आणल्यासारखी.



युस्टेसनं मेरिलच्या हातातून टॉर्च घेतला. फळ्यांवर पालथा पडला. भोकातून खाली बघितलं.

पाणी फळ्यांच्या खाली वीतभर होतं.

काळं. भरलेलं. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. होडीला जागा नव्हती. माणसाला डोकं वर काढायला जागा नव्हती.

नुसतं पाणी.

आणि त्यातून... हात वर आला. त्याच्या तोंडासमोर. हातात लहान मुलाचं टोपडं.

कोरडं.

युस्टेसनं ते घेतलं. का घेतलं, त्याला सांगता आलं नाही. हातच पुढे झाला म्हणाला.

हात खाली गेला.

मग काही नाही. बराच वेळ काही नाही. कौलांवर पाऊस. पाणी झडपेच्या काठाशी आलं. काठावरून आत आलं. फळ्या भिजू लागल्या. फ्लावियानं मेरिलला उचलून छातीशी धरलं.

"ती झडप लाव," ती म्हणाली. "युस्टेस... लाव ती."

त्यानं जाळीला हात घातला.

तेवढ्यात पुन्हा हात वर आला.

रिकामा.

तळवा वर. बोटं पसरलेली. बाईचा हात. मनगटात हिरव्या दगडाचं एक कडं. तो कशाला धरत नव्हता. ओढत नव्हता. नुसता वर आलेला. थांबलेला.

"नको," फ्लाविया म्हणाली. "नको... नको."

हात थांबून राहिला. मग हळूहळू खाली जाऊ लागला. मनगट बुडालं. तळवा बुडाला. चार बोटं राहिली.

आता बघा पोरांनो, तुम्ही म्हणाल, एवढं बघून कुणी हात लावेल का? मीही युस्टेसला तेच विचारलं. तो म्हणाला, "स्टॅन्ली, बुडणारी बोटं होती रे ती. पाण्यातून बोटं दिसली की माणूस विचार करत नाही."

त्यानं बोटं धरली.

बोटांनी त्याला धरलं.

वजन... देवा सायबा. भिजलेल्या दहा गोण्यांचं वजन. तो भोकात खेचला गेला, खांद्यापर्यंत. तोंड पाण्यात. फ्लाविया ओरडली, "सोड!" पण आता सोडणं त्याच्या हातात नव्हतं. तिनं मेरिलला टाकलं आणि त्याची कंबर धरली. मेरिलनं आईचा झगा धरला. टॉर्च गडगडत गेला आणि भोकात पडला. पाण्यात खाली जाताना दोन क्षण उजेड हिरवा झाला.

मग काळोख.

युस्टेसनं ओढलं. जीव खाऊन ओढलं. काहीतरी काठावरून वर आलं. त्याच्या अंगावरून. थंड. जड.

आणि हात सुटला.

चप्.

चप्... चप्.

ओली पावलं. तिघांच्या मधून. कोपऱ्याकडे.

मग थांबली.

युस्टेसनं बायकोला आणि पोरीला चाचपडत ओढलं, समोरच्या भिंतीला पाठ लावली. काडी पेटवावी असं कुणाला वाटलं नाही. कोपऱ्यात श्वास चालू होता. मोठा. खूप धावून आलेल्या माणसाचा असतो तसा. मग सावकाश. मग आणखी सावकाश...

फ्लाविया सगळी रात्र ओठातल्या ओठात प्रार्थना म्हणत होती. मेरिलनं डोळे मिटून घेतले होते. सज्जाचा दरवाजा चार हातांवर होता आणि बाहेर नदी होती. आणि कोपऱ्यात ती होती. तिघांना सकाळपर्यंत हलता आलं नाही.

एवढंच की, त्यानंतर पाणी चढलं नाही.

उजाडलं तेव्हा कोपरा रिकामा होता. भिंतीला लावून ठेवलेली भांडी नाहीत, पेटी नाही, चटई नाही. फळ्या भिजून काळ्या झालेल्या आणि जिथं जिथं फ्लावियानं सामान ठेवलं होतं, तिथं तिथं तेवढ्याच आकाराचे तुकडे कोरडे. गोल, चौकोनी, लांबट. युस्टेस ते बघत उभा राहिला. बघता बघता ओल सरकत गेली आणि तेही आकार पुसले गेले.

पाणी उतरायला लागलं तशी लिन आणि बा हान होडीतून आल्या. सज्जाला शिडी लावून वर चढल्या. लिन पुन्हा पुन्हा माफी मागत होती. फ्लाविया आत बॅगा भरत होती. युस्टेसनं लिनला सज्जात बाजूला घेतलं.

"काल आजी म्हणाल्या, फक्त... फक्त काय?"

लिनचा चेहरा बदलला. "काही आलं का खालून?"

"फक्त काय, ते सांग."

लिननं आजीकडे बघितलं. मग हळू आवाजात म्हणाली, "आजीची थोरली बहीण होती. चाळीस वर्षांपूर्वी मोठा पूर आला तेव्हा ती खाली उभी राहून सामान वर देत होती. सगळं दिलं तिनं. आजीचं बाळसुद्धा. आणि मग तिला वर घ्यायला... जमलं नाही कुणाला. पाणी फार चढलं की ती येते. आम्ही सामान घेतो. सकाळी ते नसतं. हात मात्र धरत नाही. आजी म्हणते, आम्हाला तो धरायचा हक्क राहिला नाही. आणि दुसऱ्या कुणी धरला..."

"तर?"

"तर ज्यानं वर घेतलं, ती त्याच्या घरची."

बा हाननं नातीला काहीतरी विचारलं. लिन वळली. "आजी विचारते, तुम्ही हात धरलात का?"

आत मेरिल खोकत होती. युस्टेसनं तिच्याकडे बघितलं.

"नाही," तो म्हणाला.

लिननं सांगितलं. म्हातारीनं मान हलवली. पण ती युस्टेसकडे बघत नव्हती. त्याच्या खांद्यावरून मागे बघत होती. मग तिनं दोन्ही हात जोडले आणि कमरेत वाकून नमस्कार केला. युस्टेसला नव्हे.

होडीवाला शिडीच्या पायथ्याशी उभा होता. त्यानं हात देऊन फ्लावियाला उतरवलं. मेरिलला उतरवलं. युस्टेसला उतरवलं. मग पुन्हा रिकाम्या शिडीकडे वळला आणि हात वर केला. म्हाताऱ्या माणसाला वेळ लागतो, तसा थोडा वेळ धरून ठेवला. मग खाली घेतला, पॅन्टला पुसला आणि वल्हं उचललं.



मस्कतला आल्यावर त्यानं फ्लावियाला लिनचं बोलणं सांगितलं नाही. काय सांगणार? आपण तिला घरी आणलंय? फ्लाविया घाबरून घर सोडायला निघाली असती. पण घर सोडून जायचं कुठं? ती घराची नव्हती, त्याची होती. चर्चमध्ये फादरला सांगावं म्हणून दोनदा रुवीपर्यंत गेला आणि दोन्ही वेळा गाडीतच बसून परत आला. घरात मात्र काहीच होत नव्हतं. आवाज नाही, सावली नाही. अडीच वर्षं गेली. मेरिल मोठी झाली. युस्टेसला वाटायला लागलं, भीतीनं आपल्याला भास झाला असेल.

मग गोनू आलं. तुम्ही तेव्हा लहान होता, पण आठवत असेल. २००७ चा जून. पाच तारखेच्या मंगळवारी टीव्हीवर दिवसभर सांगत होते, चक्रीवादळ येतंय. आम्ही सगळे हसत होतो. मस्कतमध्ये पाऊस पडला तर लोक गाड्या काढून बघायला जातात, इथं कसला पूर? युस्टेसचा फ्लॅट तळमजल्याला. त्यानंही खिडक्यांना टेप लावली, बादल्या भरून ठेवल्या आणि झोपला.

सहा तारखेला पहाटे फ्लाविया चहा ठेवायला उठली आणि तिथूनच ओरडली.

स्वयंपाकघर रिकामं होतं. डबे नाहीत. भांडी नाहीत. शेगडी नाही. ओट्यावर साधा चमचा नाही. तिला वाटलं चोरी झाली.

युस्टेसनं वर बघितलं.

सगळं वर होतं. फ्रिजवर, कपाटांवर, माळ्यावर. तांदळाचा डबा, पीठ, मेरिलची दप्तरं, चपला, मारियामातेची मूर्ती. भरलेला गॅसचा सिलिंडर, जो दोन माणसांना उचलत नाही, तो भिंतीतल्या कपाटाच्या डोक्यावर. नीट रचून. रात्रभर तिघं त्याच घरात झोपले होते. एक भांडं वाजलं नव्हतं.

त्यानं पोरीला उठवलं आणि दोघींना अंगावरच्या कपड्यांनिशी वर दुसऱ्या मजल्यावर साबेराकडे नेऊन बसवलं. साबेरा म्हणजे त्यांची शेजारीण. "काय झालं?" ती विचारत राहिली. संध्याकाळी, एरवी कोरडी पडलेली वादी नदीसारखी फुटली. घुब्राच्या त्या अख्ख्या रांगेत छातीएवढं पाणी शिरलं. लोकांचं होतं नव्हतं ते गेलं. युस्टेसच्या घरातला एक कागद भिजला नाही.

तेव्हा त्यानं फ्लावियाला सगळं सांगितलं. लिन काय म्हणाली, तेही. ती ऐकून घेत राहिली. मग एवढंच म्हणाली, "म्हणजे आता कुठंही गेलो तरी..." आणि थांबली.

पाणी ओसरल्यावर चिखल काढायला, सामान उतरवायला मी गेलो होतो. तेव्हाच त्यानं मला पहिल्यांदा ही गोष्ट सांगितली. सगळं उतरवून झालं, झोपायच्या खोलीतलं मोठं कपाट तेवढं राहिलं. युस्टेस त्याच्याजवळ जाईना. म्हणाला, "ते तू काढ."

मी स्टुलावर चढलो.

पाण्याची रेघ कपाटाच्या अर्ध्यावर होती. वर धूळ. कोरडी. त्यात बॅगा, रजया, डबे. एक एक करून मी खाली दिलं. पुढची रांग निघाली आणि मला मागचं दिसलं.

मागे सामान दोन्ही बाजूंना सरकवून ठेवलेलं होतं. मधे जागा मोकळी. गुडघे पोटाशी घेऊन एका माणसाला बसता येईल, एवढी. तिथून बरोबर खाली त्यांचा पलंग दिसत होता.

"काय आहे रे?" युस्टेसनं खालून विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं.

मी हात लावून बघितला होता. तेवढीच जागा ओली होती.